सोयाबीनच्या प्रथिनात दरवर्षी उगवणारं खोटं हेलिक्स

डिसेंबर आला की कॉलेजात माझ्या टेबलावर प्रोजेक्टची एक प्रिंट येऊन पडते. आणणारं पोर दरवर्षी वेगळं, प्रिंट तीच. वर सोयाबीनच्या कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर या प्रथिनाचा क्रम, म्हणजे त्यातल्या अमिनो आम्लांची ओळ, खाली क्रमावरून घडीचा अंदाज करणाऱ्या सर्व्हरने काढून दिलेली गुलाबी नळकांडी म्हणजे हेलिक्स, साखळीचा स्प्रिंगसारखा पीळ, आणि त्यांच्या मधून अंग चोरून बसलेले दोन-चार पिवळे बाण, म्हणजे बीटा स्ट्रँड, साखळीचा ताणलेला तुकडा. यंदा ती प्रिंट दिग्रसकडून येणाऱ्या एका मुलीने आणली. म्हणाली, "मॅडम, तीनदा करून पाह्यलं. हे तं तसंच येऊन राह्यलं."

तसंच म्हणजे चूक. या प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी कधीच काढून झालेली आहे. बीटा-ट्रेफॉइल नावाची घडी आहे ती: बारा स्ट्रँड, त्यातल्या सहांचं एक पिंप आणि उरलेल्या सहांचं त्यावर झाकण. अल्फा हेलिक्स जवळपास नाहीच. तरी आमच्या पोरांना तिथे हेलिक्स सापडतं, आणि सापडलं की ते आनंदाने पानभर लिहितात. तीन-चार वर्षं हेच पाहिल्यावर मी कारणं टिपून ठेवायला लागले. सॉफ्टवेअरची चूक फार थोड्या वेळा निघाली. बहुतेक वेळा आपणच त्याला जे खायला घातलं, ते बिघडलेलं होतं. म्हणून आधीच सांगते, सर्व्हर बदलून पाहायची घाई करू नका. मुलगी तीनदा करून थकली ती तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर, फाइल मात्र तिन्ही वेळा एकच.

हेच प्रथिन का, असं बाहेरचे परीक्षक विचारतात. आमच्याकडे पोरांच्या घरी सोयाबीन असतंच, नाहीतर पऱ्हाटी आणि तूर. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना घातलं की वाढ खुंटते हे त्यांनी पाहिलेलं असतं, कारण ठाऊक नसतं. खाल्लेली प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिनलाच हा इन्हिबिटर जाऊन चिकटतो. सोयाबीन नीट भाजलं-उकडलं की त्याचा बराचसा जोर जातो. घरच्या दाण्यातली गोष्ट म्हटल्यावर पोरं जरा जीव लावून बसतात.

आता पद्धत. एकाच घराण्यातल्या प्रथिनांचे क्रम एकाखाली एक मांडायचे, म्हणजे अलाइनमेंट करायची. मग कुठली जागा सगळ्यांत तीच राहिली, कुठली बदलली आणि बदलली तर कशाने, ते पाहायचं. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात, म्हणजे प्रत्येक आम्ल आधीच्यापेक्षा १०० अंश फिरलेलं असतं. त्या हेलिक्सची एक कड प्रथिनाच्या पोटात असेल तर पाण्याचा तिटकारा असलेली, न बदलणारी आम्लं दर तीन-चार जागांनी येतात: पहिलं, चौथं, पाचवं, आठवं. स्ट्रँडमध्ये मात्र एकाआड एक, एक आत, एक बाहेर. एसटीच्या खिडकीतून शेत पाहताना सोयाबीनच्या किती ओळींनंतर तुरीची ओळ आली ते मोजलं की पेरणी कशी केली ते कळतं, शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. क्रमातही आपण तेच करतो, ओळी मोजतो.

ही युक्ती जुनी आहे. चाऊ आणि फॅसमन यांनी १९७४ मध्ये एकेका आम्लाचा कल कुठे, त्याचे तक्ते केले. पण एकट्या क्रमावरून निम्म्याहून थोड्या जास्त जागाच बरोबर येत. १९९१ मध्ये बेनर आणि गेर्लॉफ यांनी प्रोटीन कायनेज या एन्झाइम घराण्याच्या क्रमांची अलाइनमेंट समोर ठेवून, चक्क डोळ्यांनी वाचून, स्फटिकरचना हाती येण्याआधी अंदाज लिहिला आणि तो बराचसा खरा निघाला. रॉस्ट आणि सँडर यांनी १९९३ मध्ये अलाइनमेंट न्यूरल नेटवर्कला घातली आणि अचूकता ७० टक्क्यांच्या वर गेली. १९९९ मध्ये डेव्हिड जोन्सच्या पीएसआयप्रेड या प्रोग्रॅमने ती ७६ च्या पुढे नेली. या सगळ्यांत नवी भर पडली ती मुख्यतः नातेवाईक क्रमांची. म्हणजे अलाइनमेंट नासली की आपण परत १९७४ मध्ये जाऊन बसतो, वर सर्व्हर कितीही नवा असो.

तर आता त्या मुलीची फाइल उघडू.

पहिली चूक नावावरून क्रम गोळा करण्याची

तिने युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या संग्रहाच्या चौकटीत 'कुनिट्झ' आणि 'ट्रिप्सिन इन्हिबिटर' टाकलं आणि जे आलं ते उतरवून घेतलं. यादीत लांबीचा एक रकाना असतो, तो कोणी पाहत नाही. मी बोट ठेवलं: २१६, २१७, २०८, मग एकदम ११०, मग १००.

हे १०० वालं गाईच्या स्वादुपिंडातलं. मोझेस कुनिट्झ या एकाच माणसाने १९३६ मध्ये नॉर्थ्रॉपबरोबर गाईच्या स्वादुपिंडातला इन्हिबिटर वेगळा काढला आणि १९४५ मध्ये सोयाबीनमधला स्फटिकरूपात आणला. दोन्हींना त्याचं नाव चिकटलं. पण ही दोन घराणी एकमेकांना ओळखतही नाहीत. कापाकापीनंतर उरणारं गाईचं प्रथिन ५८ आम्लांचं, तीन डायसल्फाइड बंधांचं (म्हणजे सिस्टीन या आम्लांच्या जोड्या बांधणारे टाके), आणि त्याच्या शेपटाकडे खरंखुरं अल्फा हेलिक्स आहे. सोयाबीनचं १८१ आम्लांचं, दोन बंधांचं. प्रथिनांच्या घराण्यांच्या पीफॅम या यादीत दोघांचे क्रमांकही वेगळे आहेत: वनस्पतींचं घराणं पीएफ००१९७, प्राण्यांचं पीएफ०००१४. आडनाव एक म्हणून गावातले सगळे देशमुख एका वाड्यातले होत नाहीत, तसंच हे.

११० वालं तर सोयाबीनचंच, पण बोमन-बर्क घराण्यातलं, कापाकापीनंतर ७१ चं. एवढ्याशा अंगात सात डायसल्फाइड बंध. तेही ट्रिप्सिन अडवतं म्हणून नावात बसलं.

आणि अलाइनमेंटचं सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही. बैल आणि बस एकाखाली एक मांडायला सांगा, मांडून देईल. शिंगांसमोर आरसे येतील. तिच्या फाइलमध्ये १०० आम्लांचा क्रम २१६ वर ताणला गेला होता, मध्ये रेघाच रेघा, म्हणजे रिकाम्या जागा. अशा मांडणीतून निघालेला कॉन्झर्व्हेशनचा, म्हणजे कुठली जागा किती टिकली त्याचा, आलेख पाहून कोणालाही हेलिक्स दिसेल, भूतही दिसेल.

उपाय: नावाने शोधू नका, क्रमाने शोधा. सोयाबीनचा क्रम ब्लास्ट या नातेवाईक क्रम शोधणाऱ्या साधनाला द्या, ई-मूल्य (साम्य निव्वळ योगायोगाचं असण्याचा अंदाज) कमी असलेले आणि क्रमाचा बहुतेक भाग व्यापणारे तेवढेच घ्या, आणि लांबीचा रकाना डोळ्यांखालून घाला. मी १७० ते २३० च्या बाहेरचं काही असलं की उघडून पाहते, मगच ठेवते किंवा काढते. एवढ्यानेच निम्मी खोटी नळकांडी गळून पडतात.

दुसरी चूक याच्या उलटी

नावाचा घोळ काढला की पोरं फार सावध होतात आणि अगदी जवळचेच क्रम ठेवतात. तिच्याकडे ४३ क्रम उरले, त्यातले ३१ सोयाबीनचेच. एकच जनुक वेगवेगळ्या वाणांतून, वेगवेगळ्या लोकांनी नोंदवलेलं. अलाइनमेंट पाहायला सुरेख, वरपासून खालपर्यंत एकच रंग. ती खूश होती: "सगळंच कॉन्झर्व्हड आहे!"

सगळंच कॉन्झर्व्हड म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही. बदलायला वेळच मिळाला नाही म्हणून ती जागा तशीच राहिली, की बदलून पाहिलं आणि जमलं नाही म्हणून राहिली, हे अशा मांडणीत वेगळं करता येत नाही. आपल्याला दुसरी गोष्ट हवी असते.

९० टक्क्यांहून जास्त सारखे असलेले क्रम सीडी-हिटसारख्या साधनाने गाळून त्यातला एकेकच ठेवा. मग लांबचे नातेवाईक आणा. या घराण्यात ते शोधायला परदेशी जावं लागत नाही. चिंचेच्या बियांत आहे, पांगाऱ्यात आहे, सुबाभळीत आहे, चौधारी शेंगेत आहे, बटाट्यातसुद्धा आहे. आमच्या कॉलेजच्या कंपाउंडलाच सुबाभूळ आहे. पोरांना हे सांगितलं की ती खिडकीतून बाहेर पाहतात. पण फार लांबही जाऊ नका. साम्य २५-३० टक्क्यांच्या खाली गेलं की अलाइनमेंट स्वतःच डळमळते, आणि एका जागेची चूक झाली तरी 'एकाआड एक'चं 'दोनाआड एक' होऊन बसतं. माझा ठोकताळा असा: साम्य ३० ते ८० टक्क्यांच्या मध्ये पसरलेले वीस-पंचवीस क्रम मिळाले तरी पुष्कळ. शंभर एकसारख्यांपेक्षा ते बरे.

तिसरी लहान आहे, पण सगळ्यात जास्त वेळ खाते

युनिप्रॉटमध्ये सोयाबीनच्या या इन्हिबिटरचा क्रम २१६ आम्लांचा आहे. त्यातली पहिली २४ सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पेशीत योग्य जागी पोहोचवायची चिठ्ठी. पोहोचल्यावर ती फाडून टाकली जाते. शेवटची ११ सुद्धा कापली जातात. मध्ये उरतं ते १८१ चं खरं प्रथिन, आणि शोधनिबंधांत आकडे त्याचेच असतात.

त्या २४ मध्ये सहाव्या जागेपासून फिनाइलअ‍ॅलनीन आणि ल्यूसीन यांची नुसती रांग लागली आहे. अशी रांग दिसली की कुठलाही सर्व्हर हेलिक्स म्हणतो, आणि त्याचं फारसं चुकत नाही. पेशीतल्या पटलाशी गाठ पडते तेव्हा सिग्नल पेप्टाइड बहुधा हेलिक्सच असतं. पण पक्व प्रथिनात तो तुकडा नाहीच. प्रिंटवरचं पहिलं आणि सगळ्यात ठसठशीत नळकांडं तिथलंच होतं.

दुसरा घोळ आकड्यांचा. ट्रिप्सिनला चिकटणारी जागा आर्जिनीन ६३ आणि आयसोल्यूसीन ६४ यांच्या मध्ये आहे, असं पुस्तकात आहे. पूर्ण क्रमात तेच आर्जिनीन ८७ वर येतं. मुलीने अंदाज पूर्ण क्रमावर काढला आणि पडताळा रचनेच्या फाइलशी घेतला. २४ ने सरकलेल्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तर काय जुळणार? "मॅडम, काहीच मॅच नाही होत," हे ऐकलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: तुझ्या क्रमात ६३ वर काय आहे? आर्जिनीन नसेल तर पुढे बोलायचंच नाही, आधी कात्री चालवून ये.

एवढं सगळं केलं तरी हेलिक्स राहतं, ते कसं

खरी गंमत इथे आहे. तिने सगळं नीट केलं, नवीन अलाइनमेंट काढली, आणि सर्व्हरला द्यायला गेली तर लाइन गेली. मोबाइलचं हॉटस्पॉटही टॉवरसकट गेलं. मामांनी खिडक्या उघडल्या, आम्ही प्रिंट उजेडात घेतली आणि पेन्सिलीने वाचायला बसलो. वीज असती तर हे झालं नसतं.

पक्व प्रथिनाच्या सुरुवातीची वीस आम्लं. ज्या जागा सगळ्या नातेवाइकांत टिकल्या होत्या त्यांच्यावर तिने टिंबं दिली: ३, ५, ८, ११, १३, पुढे १७ आणि १९. मग वर पाहून म्हणाली, "५, ८, ११. तीन-तीननं येऊन राह्यलं, म्हणजे हेलिक्स. बरोबर ना जी?"

तिचं चुकलं नव्हतं, मीच तिला तसं शिकवलं होतं. नियम सांगताना मी 'दर तीन-चार जागांनी' एवढंच घोकून घेतलं होतं, टिकलेलं आम्ल कोणतं ते बघायचं सांगितलं नव्हतं. म्हणून टिंबांच्या खाली नावं लिहायला लावली. तीनवर व्हॅलीन. पाचवर अ‍ॅस्पार्टिक आम्ल. आठवर ग्लायसीन, काही नातेवाइकांत अ‍ॅस्पार्टिक. अकरावर ल्यूसीन. आणि पाच ते अकराच्या मधली आम्लं: अ‍ॅस्परॅजिन, ग्लुटामिक, ग्लायसीन, परत अ‍ॅस्परॅजिन, प्रोलीन.

हेलिक्सची कड टिकते ती पोटात दडलेली म्हणून, आणि पोटात बसणारी आम्लं पाणी टाळणारी हवीत. इथे पाच आणि आठ ही दोन्ही त्यातली नाहीत. अ‍ॅस्पार्टिकला पाणी प्रिय. ग्लायसीनला बाजूची साखळीच नाही. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये कोनांचा जो नकाशा काढला, त्यात इतरांना बंद असलेल्या गल्ल्यांतून ग्लायसीन बिनधास्त जातं. म्हणून साखळीला जिथे आखूड वळण घ्यायचं असतं तिथे ग्लायसीन लागतं, आणि तिथे दुसरं काही चालत नाही म्हणून ते टिकतं. प्रोलीन दहावर. प्रोलीनचं नायट्रोजन कड्यात अडकलेलं असतं, हायड्रोजन बंध द्यायला त्याच्याकडे हायड्रोजन उरत नाही. हेलिक्सच्या मध्यात ते आलं की पीळ मोडतो. (पहिल्या वेढ्यात मात्र चालतं, तिथे ते हौसेने येतं, 'प्रोलीन दिसलं की हेलिक्स नाही' असं सरसकट लिहू नका, त्याने उलटी चूक होते.)

तेव्हा ५-८-११ हा ताल हेलिक्सचा नव्हता. पाच आणि आठ वळणाच्या, तीन आणि अकरा वळणाच्या अलीकडच्या-पलीकडच्या, पोटात जाणाऱ्या. दोन वेगळ्या कारणांनी टिकलेली टिंबं योगायोगाने तीनच्या अंतरावर पडली होती. पुढे १७ वर टायरोसीन, १९ वर आयसोल्यूसीन, एकाआड एक, मध्ये ग्लायसीन-प्रोलीन नाही: तो स्ट्रँड. ही जी ठेवण आहे, व्हॅलीनपासून १९ च्या आयसोल्यूसीनपर्यंत, तीच या घराण्याची ओळखखूण म्हणून प्रोसाइट या अशा खुणांच्या संग्रहात नोंदलेली आहे. घराणं ओळखायला उत्तम. हेलिक्स शोधायला घेतली की फसवते.

मग तिने १३ वर बोट ठेवलं. अ‍ॅस्परॅजिन, कुठल्याच तालात न बसणारं, तरी ठाम. "हे काहून नाही बदलत मंग?"

हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं. १३ चं अ‍ॅस्परॅजिन घडीत स्ट्रँडचं किंवा वळणाचं काम म्हणून टिकलेलं नाही. ६३ च्या आसपासचा जो फासा ट्रिप्सिनच्या तोंडात जातो, त्याच्या आत घुसून हायड्रोजन बंधांनी ते त्याला ताठ धरतं. मांडवाच्या मधल्या मेढीसारखं. ते गेलं तर घडी राहील, काम ढिलं पडेल. उलट ज्याच्यामुळे काम चालतं ते ६३ वरचं आर्जिनीन स्वतः घराण्यात बदलतं: चौधारीच्या एका इन्हिबिटरला ट्रिप्सिन नाही, कायमोट्रिप्सिन नावाचं दुसरं पाचक एन्झाइम अडवायचं असतं, तिथे त्या जागी ल्यूसीन आहे. म्हणजे टिकलं म्हणून संरचनेचं, बदललं म्हणून बिनकामाचं, ही दोन्ही समीकरणं इथेच मोडतात.

सिस्टीनही तसंच. ३९ आणि ८६ यांचा एक बंध, १३६ आणि १४५ यांचा दुसरा. अलाइनमेंटच्या आलेखात हे चार खांब सगळ्यात उंच दिसतात आणि शेजाऱ्यांचा ताल बिघडवतात. मी ते पेन्सिलीने झाकून बाकीचं वाचायला सांगते.

त्या १३६-१४५ च्या मधेच तिचं दुसरं हट्टी नळकांडं होतं. मधली आठ आम्लं: प्रोलीन, ग्लुटामिन, ग्लुटामिन, अ‍ॅलनीन, ग्लुटामिक, अ‍ॅस्पार्टिक, अ‍ॅस्पार्टिक, लायसीन. चाऊ-फॅसमनचा तक्ता घेतला तर यातली निम्म्याहून जास्त हेलिक्सकडे झुकणारी. एकट्या क्रमावर हेलिक्सच वाटणार. पण अलाइनमेंटमध्ये एरिथ्रिनाचा, म्हणजे पांगाऱ्याच्या भावकीतला, इन्हिबिटर पाहा: तिथे याच दोन सिस्टीनच्या मध्ये सहाच आम्लं आहेत. आठाची सहा झाली आणि घडीला धक्का लागला नाही. हेलिक्समधून दोन आम्लं काढली तर पुढची सगळी कड २०० अंशांनी फिरेल, आतली बाहेर येईल. उत्क्रांती असं सहसा चालवून घेत नाही. जिथे नातेवाइकांत लांबी कमी-जास्त होते, तिथे बहुधा लूप, म्हणजे हेलिक्सही नाही आणि स्ट्रँडही नाही असा मोकळा फासा. माझ्या मते अलाइनमेंटमध्ये सर्वांत भरवशाची खूण ही रेघांचीच आहे, आणि पोरं नेमक्या त्याच रेघा 'कचरा' म्हणून काढून टाकतात. रेघांचे रकाने कापून 'स्वच्छ' केलेली अलाइनमेंट सर्व्हरला देऊ नका.

लाइन संध्याकाळी आली. तोवर तिच्या प्रिंटवर पेन्सिलीचे नऊ बाण झाले होते, नळकांडी दोनच उरली होती.

बाराऐवजी नऊच का

इथे दोष कोणाचाच नाही. हेलिक्समध्ये प्रत्येक आम्लाचा हायड्रोजन बंध चार जागा पुढच्या आम्लाशी असतो, म्हणजे सगळा व्यवहार घरातल्या घरात. स्ट्रँडचा जोडीदार साठ जागा लांब असू शकतो. बहुतेक जुन्या पद्धती १३ ते १७ आम्लांच्या खिडकीतून पाहतात. त्या खिडकीत जोडीदार दिसतच नाही. त्यातून ट्रेफॉइलचे स्ट्रँड आखूड, मध्ये वळणं घट्ट. पंधराच्या एका खिडकीत स्ट्रँड, वळण आणि पुढचा स्ट्रँड तिन्ही येतात आणि सरासरीत तिघांचाही चेहरा पुसला जातो. स्वतः तक्ता करत असाल तर खिडकी ७ वर आणून एकदा पाहा. आलेख खडबडीत होईल, पण हरवलेला एखादा बाण सापडतो.

काठांवरून भांडू नका. स्ट्रँड १५ ला सुरू की १६ ला, यावर खुद्द रचना वाचणाऱ्या पद्धतींचंही एकमत नसतं. काब्श आणि सँडर यांची १९८३ ची डीएसएसपी आठ प्रकार करते, आपण ते तीनात कोंबतो. कोंबताना काही जागा इकडच्या तिकडे जातातच. शंभर टक्के जुळलं असं कोणी लिहून आणलं तर मी आधी उत्तर कुठून उतरवलं ते विचारते.

क्रमावरून अख्खी रचना काढून देणारं अल्फाफोल्ड असताना हे कशाला, असं यंदा दोघांनी विचारलं. रास्त आहे. २०२१ पासून त्याचा संग्रह फुकट खुला आहे, आणि पडताळ्यासाठी मी स्वतः तो उघडायला सांगते. पण अल्फाफोल्डही सुरुवात करतं ते अलाइनमेंटनेच. नातेवाईक क्रम गोळा करण्यातली चूक तिथेही त्रास देते, फक्त तिथे चूक फार देखण्या चित्राच्या रूपात येते.

राहिलेली दोन नळकांडी. एक १३७ ते १४४ चं, ते नव्या अलाइनमेंटवर सर्व्हरनेच काढून टाकलं. दुसरं ४७ ते ५२ चं: आर्जिनीन, अ‍ॅस्परॅजिन, ग्लुटामिक, ल्यूसीन, अ‍ॅस्पार्टिक, लायसीन. ते गेलं नाही. पण त्याच्या खालचे विश्वासांक (सर्व्हरला स्वतःच्या अंदाजाची खात्री किती, ० ते ९ मध्ये) पाहिले तर २ आणि ३. शेजारच्या बाणांखाली ७ आणि ८. ही खालची ओळ प्रिंटमध्ये बारीक असते आणि झेरॉक्समध्ये उडते, म्हणून कोणी वाचत नाही. ४ च्या खालचं काहीही असलं तर नळकांडं काढू नका, बाणही काढू नका, रेघ ओढा आणि 'अनिश्चित' लिहा. तिने तसं लिहिलं.

प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर आता मी तीन ओळी सक्तीच्या केल्या आहेत: क्रमाचा नोंदणी क्रमांक आणि उतरवल्याची तारीख, पुढून-मागून किती आम्लं कापली, आणि ६३ वर काय आहे. पुढच्या खेपेला कोणी प्रिंट घेऊन आलं की मी ते पान मागणार आहे. तिच्या धाकट्या भावाला तुरीचा इन्हिबिटर करायचा आहे म्हणे; त्याच्यासाठी आतापासून सांगून ठेवलंय, तुरीत कुनिट्झ घराण्याचाही आहे आणि बोमन-बर्कचाही, यादीतली लांबी आधी बघ.